शेवटची पाच मिनिटे : कल्ट सिनेमाच्या एका ऑनलाइन सेवेचे परीक्षण

केवळ कल्ट चित्रपटांना वाहिलेल्या एका ऑनलाइन सेवेचा मी गेले पाच महिने सदस्य आहे. प्रदर्शित झाले तेव्हा आपटलेले, कात्री लागलेले, बंदी आलेले किंवा कुणाच्या फारसे लक्षातच न आलेले, आणि पुढे मूठभर वेड्या प्रेक्षकांनी वर्षानुवर्षे जिवापाड जपलेले चित्रपट एका ठिकाणी मिळावेत, हा या सेवेचा घोषित हेतू आहे आणि संग्रहापुरता तो बऱ्याच अंशी सफल झाला आहे. सेवेचे नाव मी देत नाही. पुढे मांडलेल्या तक्रारींपैकी बहुतेक अशा कोणत्याही सेवेला थोड्याफार फरकाने लागू पडतील. हे परीक्षण वाचून वाचकाला आपल्याकडे असलेली सेवा तपासून पाहता आली, तर मला ते अधिक उपयोगाचे वाटेल.

तपासायची कशी, हा प्रश्न होता. चित्रपटांची संख्या मोजून काहीच कळत नाही. अशा सेवांच्या जाहिरातींत 'बंडखोर', 'निषिद्ध' हे शब्द हमखास असतात, पण चित्रपटातले बंड नेमके कशाविरुद्ध होते, हे त्या शब्दांवरून समजत नाही. म्हणून मी एक साधी कसोटी ठरवली : प्रत्येक चित्रपटाची शेवटची पाच मिनिटे सेवेने कशी सांभाळली आहेत, ते पाहायचे. निर्माते, वितरक आणि सेन्सॉर या तिघांचाही डोळा नेहमी शेवटावरच राहिला आहे. मधल्या दीड तासात पात्रांनी व्यवस्थेला कितीही शिव्या घातल्या तरी शेवटी पोलीस वेळेवर आले, प्रेमिक एकत्र आले आणि राक्षस मेला, म्हणजे सगळे गोड होते. कल्ट ठरलेल्या चित्रपटांपैकी कितीतरी चित्रपट शेवट गोड करायला नकार दिल्यामुळेच अडचणीत आले आहेत.

पहिली परीक्षा अर्थातच जॉर्ज रोमेरोच्या १९६८ सालच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'ची. प्रत उत्तम आहे. मूळ निगेटिव्हवरून न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट आणि फिल्म फाउंडेशन यांनी केलेल्या जीर्णोद्धाराची ही प्रत असून तिच्यातले दाणे, म्हणजे फिल्मवरचे बारीक ठिपके, घासूनपुसून काढलेले नाहीत, हे महत्त्वाचे. कारण या कृष्णधवल चित्रपटाची भीती त्याच्या बातमीपटासारख्या खरबरीत पोतात आहे. पिट्सबर्गच्या परिसरात तुटपुंज्या पैशांत केलेल्या या चित्रपटाचे नाव वितरकाने ऐनवेळी बदलले. नावाची नवी पाटी घालताना जुन्या पाटीवरची स्वामित्वहक्काची ओळ गळाली आणि तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार चित्रपट थेट सार्वजनिक मालकीचा झाला. कर्त्यांचे नुकसान झाले ते झालेच, पण कुणीही प्रती काढाव्यात आणि कुणीही दाखवावे अशी मोकळीक मिळाल्यामुळे तो जगभर पसरला. त्याच्या कल्टपणात या गळालेल्या ओळीचा वाटा मोठा आहे. सेवेने ही हकिकत माहितीपानावर नीट दिली आहे, त्याबद्दल तिला पूर्ण गुण.

आता शेवट. डुएन जोन्स या कृष्णवर्णीय अभिनेत्याने साकारलेला बेन रात्रभर चालत्या प्रेतांशी झुंजून एकटाच जिवंत राहतो आणि सकाळी त्याला वाचवायला आलेली बंदूकधारी गोऱ्यांची टोळी प्रेत समजून त्याच्या कपाळात गोळी घालते. भूमिका कृष्णवर्णीय माणसासाठी लिहिलेली नव्हती, निवड चाचणीत जोन्स सर्वांत चांगला ठरला म्हणून त्याला घेतले, असे रोमेरो सांगत असे. परंतु मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली त्याच वर्षी हा चित्रपट पडद्यावर आला, आणि तो पाहताना लेखकाचा हेतू कोणता होता, ही चौकशी गैरलागू ठरते. गोळी लागल्यानंतर चित्र हलायचे थांबते. पुढे येतात ती वर्तमानपत्रात छापल्यासारखी दाणेदार, स्थिर छायाचित्रे : बंदुका खांद्यावर टाकलेली माणसे, हातातले मांस उचलायचे आकडे, ओढत नेलेला देह. अमेरिकेत झुंडीने केलेल्या हत्यांची जी छायाचित्रे काढली जात, त्यांची आठवण ज्याला व्हायची त्याला होतेच. आणि श्रेयनामावली याच छायाचित्रांवरून सरकते.

नेमक्या इथे सेवेने घात केला. नामावलीचे पहिले अक्षर उमटताच तिच्या यंत्रणेने 'चित्रपट संपला' असा निष्कर्ष काढला, सगळे चित्र आकसून पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात तळहाताएवढे झाले आणि उरलेल्या जागेत 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणत एका झॉम्बी-विनोदपटाचे रंगीत भित्तिचित्र आले. खाली दहापासून उलटी गणती सुरू होती. बेनचा देह चितेवर जाईपर्यंत माझ्या पडद्यावर दुसऱ्याच कुणाचे तरी हसणे चालू होते. मी धडपडत चौकटीवर टिचकी मारून चित्र मोठे केले, तोवर मांस उचलायच्या आकड्यांची छायाचित्रे येऊन गेली होती. ही बाब क्षुल्लक वाटेल, पण सेन्सॉरलाही जमले नसते इतक्या सफाईने या चित्रपटाचे राजकारण येथे बाजूला काढले गेले, तेही कुणी एक फ्रेम न कापता.

सेवेच्या मदतकक्षाला मी तसे कळवले. दोन दिवसांनी सौजन्यपूर्ण उत्तर आले की, आपोआप पुढचा चित्रपट लावण्याची सोय बंद करता येते. बंद करता येते हे खरे आहे. पण ती कळ दूरचित्रवाणीच्या ॲपमध्ये नाही, संगणकावरून खाते उघडून 'प्लेबॅक'च्या पोटात शिरल्यावर सापडते. सदस्य होणाऱ्याने सर्वांत आधी ते काम उरकावे, मगच काहीतरी पाहायला बसावे.

दुसरी परीक्षा सेवा सन्मानाने उत्तीर्ण झाली. 'गोजिरा' तिने दोन्ही रूपांत ठेवला आहे : इशिरो होंडा यांचा १९५४ सालचा मूळ जपानी चित्रपट आणि १९५६ साली अमेरिकी प्रेक्षकांसाठी कापून, जोडून, रेमंड बर या अभिनेत्याची पत्रकाराची भूमिका मध्ये घुसवून केलेली 'गॉडझिला, किंग ऑफ द मॉन्स्टर्स!' ही आवृत्ती. दोन्ही लागोपाठ पाहाव्यात. राजकारण कात्रीच्या कोणत्या बाजूला पडते, ते एका संध्याकाळीत समजते. मार्च १९५४ मध्ये अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि 'लकी ड्रॅगन' या जपानी मासेमारी बोटीवरचे खलाशी किरणोत्सारी राखेने भाजले. त्याच वर्षी नोव्हेंबरात आलेला मूळ चित्रपट समुद्रावरच्या लखलखाटाने आणि बुडणाऱ्या बोटीने सुरू होतो, तेव्हा जपानी प्रेक्षकाला ते रूपक समजावून सांगायची गरज नव्हती. लोकलगाडीत उभी असलेली एक तरुणी दूषित मासळी, किरणोत्सारी पाऊस आणि आता हा गोजिरा असे कुरकुरत म्हणते की नागासाकीतून आपण कसाबसा जीव वाचवून आलो होतो. अमेरिकी आवृत्तीत हे बोलणे नाही. मूळ चित्रपटाच्या शेवटी वृद्ध शास्त्रज्ञ यामाने समुद्राकडे पाहत पुटपुटतो की अणुचाचण्या अशाच चालू राहिल्या तर जगात कुठेतरी पुन्हा एखादा गोजिरा निघेल. अमेरिकी शेवटात बरच्या तोंडी धोका टळल्याचा आणि जग पुन्हा जगायला मोकळे झाल्याचा सुस्कारा आहे. प्राणी तोच, समुद्र तोच, फक्त बॉम्ब कुणी टाकला एवढेच तेवढे विसरायचे. माझा एकच आक्षेप सबटायटल्सवर आहे : 'किरणोत्सारी पाऊस' याचे भाषांतर त्यांनी नुसते 'पाऊस' असे केले आहे. एक विशेषण गळाले आणि ती तरुणी हवामानाबद्दल तक्रार करू लागली.

डॉन सीगल यांच्या १९५६ सालच्या 'इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स'बाबत सेवेने निम्मेच काम केले आहे. माणसांची जागा हुबेहूब त्यांच्यासारखे दिसणारे परग्रहवासी घेत आहेत, असे महामार्गावर धावत्या मोटारींना ओरडून सावध करणारा नायक आणि त्याला वेडा समजून पुढे जाणारे लोक, हा सीगल यांना हवा असलेला शेवट होता. स्टुडिओने चित्रपटाच्या सुरुवातीला आणि शेवटी रुग्णालयातला प्रसंग चिकटवून घेतला, ज्यात शेवटी डॉक्टरांना त्याचे म्हणणे पटते आणि सरकारी यंत्रणेला दूरध्वनी जातो. शेजारीपाजारी एका रात्रीत भावनाशून्य होतात ते साम्यवादामुळे की साम्यवादी शोधत हिंडणाऱ्यांच्या दहशतीमुळे, हा वाद त्या चित्रपटाभोवती अजून चालू आहे. परंतु शेवट कुणी जोडला हे माहीत नसेल तर तो वाद घालताच येत नाही, आणि सेवेच्या माहितीपानावर त्याविषयी एक ओळही नाही. टेरी गिलियम यांच्या 'ब्राझील'चीही तीच कथा. युरोपात १४२ मिनिटांचा दाखवलेला हा चित्रपट अमेरिकेत युनिव्हर्सल स्टुडिओला सुखान्त करून हवा होता, गिलियम यांनी 'व्हरायटी' या पत्रात पानभर जाहिरात देऊन स्टुडिओप्रमुखाला 'माझा चित्रपट कधी प्रदर्शित करता?' असे विचारले, आणि लॉस एंजेलिसच्या समीक्षकांनी तो प्रदर्शित होण्याआधीच १९८५ चा सर्वोत्तम चित्रपट म्हणून निवडला. स्टुडिओची ९४ मिनिटांची गोड आवृत्ती येथे 'अतिरिक्त' विभागात आहे. ती जरूर पाहावी. सुखान्त इतका भयाण असू शकतो यावर विश्वास बसत नाही.

आवृत्त्यांच्या बाबतीत ऑनलाइन सेवेकडे एक नवी ताकद आलेली आहे, तिचा विचार व्हायला हवा. छापील चकती एकदा घरी आली की तिच्यातला शेवट कुणी बदलू शकत नाही. सर्व्हरवरची फाइल मात्र रातोरात बदलता येते. जानेवारी २०२२ मध्ये चीनमधल्या टेन्सेंट व्हिडिओवर 'फाइट क्लब'चा शेवट असाच गायब झाला. इमारती कोसळण्याऐवजी पोलिसांनी कट उधळून सर्व गुन्हेगारांना पकडल्याची पाटी आली. जगभर हसे झाल्यावर कापलेला बहुतांश भाग परत जोडण्यात आला. आपल्या परीक्षणाधीन सेवेने असे काही केले आहे, असे माझे म्हणणे नाही. परंतु प्रत कोणत्या वर्षीची, किती मिनिटांची, कुणी संकलित केलेली आणि ती शेवटची कधी बदलली, ही नोंद ती चार-पाच चित्रपटांपलीकडे कुठेही देत नाही. कल्ट सिनेमाच्या चाहत्याला विकण्यासारखी मुख्य वस्तू हीच असताना तिकडे दुर्लक्ष व्हावे, हे मला अनाकलनीय वाटते.

व्हेरा खितिलोवा यांच्या 'डेझीज' या १९६६ सालच्या चेक चित्रपटाने मला सर्वांत जास्त चिडवले, म्हणजे चित्रपटाने नव्हे, त्याच्या सबटायटल्सनी. मारी नावाच्या दोन मुली जग बिघडलेले आहे तर आपणही बिघडू या असे ठरवून मेजवानीचे मांडलेले टेबल पायाखाली तुडवतात, केक एकमेकींना फेकून मारतात, झुंबराला लोंबकळतात. पुढे १९६७ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या संसदेत एका सदस्याने या चित्रपटाबद्दल संताप व्यक्त केला, आणि त्यात अन्नाच्या नासाडीचा मुद्दा होता. गंमत अशी की खितिलोवा यांनी उत्तर आधीच देऊन ठेवले होते : अगदी शेवटी बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या शहराच्या दृश्यांवर काही शब्द उमटतात आणि ज्यांना केवळ तुडवल्या गेलेल्या भाजीपाल्याचा राग येतो, त्यांना हा चित्रपट अर्पण केला जातो. या सेवेवर ते शब्द उमटतात, पण चेकमध्येच. त्यांचे भाषांतर दिलेले नाही. संवाद नाही म्हणजे भाषांतराची गरज नाही, असा कुठल्यातरी कंत्राटदाराचा नियम असावा. चेक न जाणणाऱ्या प्रेक्षकाला दोन वात्रट मुलींची धमाल पाहिल्याचा आनंद मिळतो आणि चित्रपटाचा दंश त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

चित्रपटांची दालने कशी पाडली आहेत, तेही पाहू. 'इतका वाईट की चांगला' हे त्यातले सर्वांत लोकप्रिय दालन असावे. १९८२ सालचा 'दुनयायी कुर्तारान आदाम' हा तुर्की चित्रपट त्यात पहिल्या रांगेत आहे. नायक जुनेयत आर्किन शिरस्त्राण घालून बसतो आणि त्याच्या पाठीमागे चक्क 'स्टार वॉर्स'मधली अंतराळयुद्धे चालतात. संगीतही असेच हॉलिवूडमधून उचललेले. हसू येते, मलाही आले. परंतु १९८० च्या लष्करी उठावानंतरच्या तुर्कस्तानात, परकी तंत्र आणि पैसा हाती नसलेल्या एका चित्रपटसृष्टीने साम्राज्याच्या गोष्टीचेच तुकडे चोरून त्यांतून आपला नायक उभा केला, ही बाजू कुणी सांगितली तर हसण्याची दिशा बदलते. सेवा ती सांगत नाही. उलट त्याच दालनातल्या 'रीफर मॅडनेस'चे टिपण वाचनीय आहे. १९३६ साली गांजाविरुद्ध घाबरवण्यासाठी केलेला हा चित्रपट १९७२ च्या सुमारास गांजा कायदेशीर व्हावा म्हणून झटणाऱ्या संघटनेच्याच हाती लागला आणि तिने तो महाविद्यालयांमध्ये दाखवून हशा आणि वर्गणी दोन्ही गोळा केली. चित्रपट एका फ्रेमनेही न बदलता त्याचे राजकारण उलटेपालटे झाले, ते केवळ पाहणारे बदलल्यामुळे.

हीच गोष्ट उलट दिशेनेही होते. जॉन कार्पेंटर यांच्या १९८८ सालच्या 'दे लिव्ह'मध्ये एका मजुराला काळा चष्मा सापडतो आणि जाहिरातफलकांवरच्या रंगीत चित्रांखाली 'आज्ञा पाळा', 'खरेदी करा' असे हुकूम दिसू लागतात. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रेगन यांच्या काळातल्या पैसेपूजेवरचा हा उघड हल्ला होता. पुढे ज्यूद्वेष्ट्यांनी तो आपल्या कटकहाण्यांसाठी पळवला, तेव्हा २०१७ मध्ये कार्पेंटर यांना स्वतः जाहीरपणे सांगावे लागले की चित्रपट अनिर्बंध भांडवलशाहीवर आहे आणि ज्यूंशी त्याचा काही संबंध नाही. कल्ट म्हणजे पंथ, आणि पंथ म्हटला की त्यात कोण शिरेल, हे दिग्दर्शकाच्या हातात राहत नाही. सेवेने या चित्रपटाला जोडलेली अर्ध्या तासाची चर्चा या प्रश्नाला सरळ भिडते. माझ्या मते संपूर्ण संग्रहातली ती सर्वांत मोलाची जोड आहे.

तेवढे धैर्य तिने 'एल टोपो'बाबत दाखवलेले नाही. डिसेंबर १९७० पासून न्यूयॉर्कच्या एल्जिन चित्रपटगृहात मध्यरात्रीच्या खेळांना महिनोन्महिने चाललेल्या या चित्रपटापासून 'मिडनाइट मूव्ही'ची परंपरा मोजली जाते, त्यामुळे त्याचे संग्रहात असणे योग्यच आहे. मात्र त्यातल्या बलात्काराच्या दृश्याविषयी दिग्दर्शक आलेहांद्रो होदोरोव्स्की यांनी त्या काळी केलेली विधाने, ती प्रसिद्धीसाठी होती असा त्यांचा नंतरचा खुलासा आणि याच वादातून २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयाने रद्द केलेले त्यांचे प्रदर्शन, या सगळ्याला माहितीपानावर 'वादग्रस्त' हा एकच शब्द पुरला आहे. भक्तांनी मूर्तीवर पांघरूण घालावे हे समजते. पुजाऱ्याने पैसे घेऊन घालावे, हे पटत नाही.

शुक्रवारी रात्री अनेक सदस्यांनी एकाच वेळी चित्रपट पाहावा आणि बाजूला लिहून बोलावे, अशी एक सोय आहे. मला ती पोरकट वाटली होती. पण 'रॉकी हॉरर पिक्चर शो'च्या वेळी, १९७५ मध्ये आपटलेला आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली चित्रपटगृहातल्या मध्यरात्रीच्या खेळांनी उचलून धरलेला हा चित्रपट लोक पाहतात कमी आणि त्याला उत्तरे देतात जास्त, हे अनुभवले. एरवी कुठेही मोकळेपणाने वावरता न येणाऱ्या समलिंगी आणि पारलिंगी तरुणांना त्या खेळांनी हक्काची जागा दिली होती. खिडकीत भराभर उमटणारी वाक्ये म्हणजे ते सभागृह नव्हे, पण त्याची सावली म्हणून चालेल.

शेवटी पेरी हेन्झेल यांचा 'द हार्डर दे कम', १९७२, जमैका. जिमी क्लिफने साकारलेला आयव्हन खेड्यातून किंग्स्टनला येतो आणि पहिल्यांदा चित्रपटगृहात शिरतो तेव्हा पडद्यावर 'जँगो' हा बंदूकबाज नायकाचा वेस्टर्न चित्रपट चालू असतो. नायक आता मरणार अशी भीती वाटते, तर शेजारचा सांगतो की शेवटच्या रिळापर्यंत नायक मरत नसतो. पुढे आयव्हन गाणे कवडीमोलाने विकतो, गांजाच्या धंद्यात पडतो, पोलिसांना मारून फरार होतो, आणि समुद्रकाठी सैनिकांसमोर उभा राहतो तेव्हा मध्येमध्ये चित्रपटगृहातल्या त्याच हसणाऱ्या, ओरडणाऱ्या प्रेक्षकांचे चेहरे दिसत राहतात. सेवेने हा शेवट पूर्ण ठेवला आहे. सबटायटल्समध्ये पात्वा या जमैकन बोलीला इस्त्री मारून सपाट इंग्रजी केले आहे, तेव्हा ती बंद करून ऐकावे. पहिली दहा मिनिटे अवघड जातात, मग कान बसतो. मी पुढच्या वर्षाचे सदस्यत्व घेतले आहे, आपोआप पुढचा चित्रपट लावणारी कळ बंद आहे, आणि 'डेझीज'च्या त्या शेवटच्या ओळीच्या भाषांतराबद्दल मी मदतकक्षाला तिसरे पत्र पाठवले आहे.